मास्तरांचे पाय गार पडले

२७ मार्च १९५५, रविवार

सुपारी फुटली! आणि मी हसले. आईने मागून चिमटा काढला तरी हसतच राहिले!

पण मी तरी काय करू? कोपरची मंडळी ओटीवर बसलेली. बाबांनी विचारलं, "यातला नवरा मुलगा कोनता?" – तर मास्तर ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "हजर!" अगं आई गं! डोंबिवलीच्या शाळेत रोज पोरांकडून जे वदवून घेतात ते ऐन वेळी स्वतःच्याच तोंडून निघालं. मी चहाचं तबक घेऊन दारात उभी. कपबशा खुळखुळायला लागल्या. निम्मा चहा बशीत.

नाव आनंदा. उंच, किडकिडीत. ओटीवर चढताना वहाणा नीट जोडीने लावून ठेवल्या, बाकीच्यांच्या कुठल्या कुठे पडल्या होत्या. बी.ए. झालेत आणि इंग्रजी शिकवतात. आमच्या लोकांत बी.ए. झालेला दुसरा कोणी मी तरी ऐकलेला नाही. मला विचारलं, "वाचन आहे का?" आहे म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा – हसू! मास्तरांचे कान लाल झाले. मग त्यांनी काही विचारलंच नाही.

मंडळी गेल्यावर आवडाआत्या माझ्यावर तुटून पडली. "एवरी हसतेस कला गो? लोकांना वाटंल पोरगी येरी."

वेडीच! मला मास्तर फार आवडले. इथे लिहायला काय हरकत आहे. फार म्हणजे फारच.

२९ मार्च

मिठाच्या आगरावर बाबांची भाकरी घेऊन गेले. ओल्या मिठात बोटाने 'हजर' लिहिलं. बाबा येताना दिसले तशी पायाने पुसलं.

१० एप्रिल, रविवार

लग्न वैशाखात. मे महिना उजाडायची वाट बघायची. आत्या आतापासून धवले म्हणून गळा साफ करते आहे – लग्नात धवले गायला आख्ख्या माजिवड्यात तिच्याइतकी खणखणीत बाई नाही. पहाटे सुरू होते, कोंबडा गप्प बसतो.

मी रोज आरशासमोर न हसण्याचा सराव करते. गाल आतून चावायचे, गेलेल्या म्हशीची आठवण काढायची. मास्तर आठवले की म्हैस कुठली आठवायला! बाबा म्हणाले, "ही पोर सासरी जाईल तवा रडनार नाय, हसनार." म्हटलं, रडेन, रडेन. मनात म्हटलं, कशाला रडू?

१२ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी गणूकाका धापा टाकत आला. काका ठाण्याच्या गिरणीत टाइमकीपर आहे. साहेबाशी इंग्रजीत बोलायचो असं सांगतो, साहेब काय बोलायचा ते मात्र सांगत नाही. आज त्याला बाजारात सहदेव मास्तर भेटले. हे आमच्या मास्तरांचे शाळेतले सोबती, मूळ कोकणातले, फार सभ्य. खाली मान घालून म्हणाले, आनंदाला कोल्ड फीट झालेत, लग्न जरा पुढे ढकला म्हणावं.

बाबा म्हणाले, "मंग तू काय बोललास?"

"बोललो, येस येस."

"पन त्याला झाला काय?"

"कोल्ड म्हंजे थंड," काका म्हणाला. इथवर तो ठाम होता. पुढचं आत्याने त्याला बोलूच दिलं नाही. "फीट! फीट आली रं पोराला! थंडीची फीट!" तिच्या सासरच्या एका दिराला फीट यायची, म्हणून तिला त्यातलं सगळं कळतं. काका म्हणाला, ती फीट नव्हे, इंग्रजी फीट म्हणजे पाय. एक असला की फूट, दोन असले की फीट. पाय थंड पडलेत. त्यावर आई, जी कधी मध्ये बोलत नाही, ती हळूच म्हणाली, "पाय गार परले म्हंजे तं..." आणि तिने पदर तोंडाला लावला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली. घरातली सगळ्यात शिकलेली बाई! कोल्ड – थंड. फीट – पाय. माझ्या पुस्तकात बरोब्बर असंच होतं. मी मान हलवली.

माणसाचे हातपाय गार पडायला लागले की गावात कोणीतरी गुपचूप लाकडांची सोय बघायला उठतं. पुढचं लिहवत नाही.

१३ एप्रिल, बुधवार

जिवंत आहेत! धडधाकट आहेत! आणि लबाड आहेत!

नीट लिहिते. सकाळची भरती धरून बाळकुमच्या बंदरावरून आमची होडी सुटली. बाबा, काका, आत्या. लग्नाआधी मुलीने सासरची पायरी चढायची नसते, पण ते कोणाला आठवायच्या आत मी होडीत जाऊन बसले होते. आत्या ओरडली. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." बाबांचा चेहरा एवढासा झालेला.

पाय शेकायला मीठ घेतलं. पाय शेकायला किती मीठ लागतं? मूठभर. बाबांनी गोण घेतली. म्हणाले, घरचं आगर असताना जावयाला मीठ कमी पडलं असं व्हायला नको. आत्याने कांद्यांची माळ गळ्यात अडकवलेली – फीट आली तर हुंगवायला – आणि कांद्याने भागलं नाही तर म्हणून गणूकाकाची जुनी चप्पल, फडक्यात वेगळी बांधून. सारी खाडीभर मी देवाला म्हणत होते, नुसते जिवंत ठेव, मी पुन्हा हसणार नाही.

कोपरच्या काठाला उतरून धावत घर गाठलं. मास्तर ओटीवर बसून परीक्षेचे पेपर तपासत होते! हातात लाल पेन्सिल! आम्हाला बघून उठले, तर आत्या किंचाळली, "उभा नको ऱ्हाऊ, परशील!" काकाने एक दंड धरला, बाबांनी दुसरा, आणि उचलून आत खाटेवर आडवे केले. त्यांची आई गंगुबाई चुलीपासून धावत आली. आम्ही एवढे चौघे खाडी ओलांडून आलो म्हणजे आम्हाला काहीतरी ठाऊक असणार, असं समजून तिने रडायलाच सुरुवात केली. "काय झाला माझ्या पोराला? सकाली तं चार भाकरी खाल्ल्या!"

मास्तर सांगायला तोंड उघडत – आत्या नाकाला कांदा लावी. ठसका लागे. पुन्हा उघडत – चप्पल! "बघा, बघा, आली फीट," आत्या म्हणे. मग या माणसाने काय करावं? माझ्या डोळ्यांदेखत डोळे मिटले आणि हळूच कण्हला!

आत्याने तव्यावर मीठ तापवून पुरचुंडी माझ्या हातात दिली. बाबा आणि काका बाहेर गंगुबाईंना धीर द्यायला गेले, आत्या पुन्हा चुलीपाशी. मी तळव्याला हात लावला. गरम! माझ्या हातापेक्षा गरम!

मी कुजबुजले, "पाय तर गरम आहेत."

"हो."

"मग थंड कोण म्हणालं?"

"ते इंग्रजीत थंड आहेत," मास्तर म्हणाले.

डोळे मिटूनच त्यांनी मला सगळं समजावलं, वर्गात समजावतात तसं. एखादं काम करायचं ठरलेलं असतं आणि ऐन वेळी माणूस कच खातो, मागे सरतो – त्याला इंग्रज म्हणतात, याचे पाय थंड झाले. दुखणं नाही, खुपणं नाही. भीती.

"कसली भीती?"

"तुमची."

मी पुरचुंडी धरून तशीच बसले. म्हणाले, "तुम्ही मला हसलात. सगळ्यांसमोर. मला वाटलं, ही मला जन्मभर हसेल. घरात येताना रोज अंगावर काटा येईल. म्हणून सहदेवला म्हटलं, जरा थांबू या."

मला इतकं वाईट वाटलं! आणि वाईट वाटता वाटता – हसू! तोंडावर हात दाबला तर डोळ्यांतून पाणी. मास्तरांनी एक डोळा उघडला आणि फार दुःखी नजरेने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी म्हटलं, सरळ म्हटलं, आयुष्यात एवढं धीट कधी बोलले नव्हते – "मला तुम्ही आवडलात म्हणून हसले. मला आनंद झाला की असंच होतं. मी काय करू?"

मास्तर खाटेवर ताडकन उठून बसले. मला वाटलं माझ्या बोलण्याने. ते म्हणाले, "भाजतंय!"

मग दोघंही हसलो. आवाज न करता. पोट दुखेपर्यंत! मी विचारलं, आणखी असलं काय काय आहे तुमच्या इंग्रजीत? म्हणाले, इंग्रज घाबरला की त्याचं काळीज तोंडात येतं, खचला की तेच काळीज खाली बुटात जातं. म्हटलं, एका जागी बसत नाही वाटतं! आमच्याकडे बरं आहे. पोटात गोळा येतो, तो पोटातच राहतो. पाय लटपटतात, तेही जागच्या जागी. मास्तर म्हणाले, "पण पाय गार पडले की?" म्हटलं, आमच्याकडे पाय गार पडले की माणूस जातो, तुमच्याकडे नुसतं लग्न पुढे जातं. तर म्हणाले, "आता नाही जाणार."

मी म्हटलं, बाबांना सगळं खरं सांगा. आत्ताच. "सांगतो," म्हणाले. तेवढ्यात बाबा आत आले. आणि मास्तरांनी पुन्हा डोळे मिटले! कण्हलेसुद्धा!

भित्रे आहेत. असू देत. मला तुम्ही म्हणत होते, निघताना तू म्हणाले.

१४ एप्रिल

दिवसभर कोल्ड फीट वापरून पाहिलं. आमच्या रेड्याला गाडी दिसली की कोल्ड फीट होतात. गणूकाकाला दात काढायला जाताना झाले होते, डॉक्टरच्या जिन्यावरून परत आलेला. मांजराला पाण्याशी होतात. मला नाही, मुळीच नाही! मला उद्या मे महिना आणून द्या.

१६ एप्रिल, शनिवार

बाबांनी लग्न मोडलं.

आत्याने गावभर सांगितलं – मास्तरला फीट येते, मी माझ्या डोल्यानं बघितला, कांदा लावला तवा शुद्धीवर आला. विहिरीवर बायका मला बघून गप्प होतात. आज जेवताना बाबा म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पन दुखनेकरी घरान माझी पोर नाय देनार." जेवण अर्धं टाकून उठले.

मी मागोमाग गेले, तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगू? आजार नाही म्हणून सांगितलं तर खरं काय ते सांगावं लागणार – की तो तुमच्या लेकीशी लग्न करायला घाबरला आणि मग तुमच्यासमोर सोंग करून पडला. तुमची गोण, तुमची होडी, सगळं फुकट. बाबा एवढासुद्धा अपमान विसरत नाहीत. लग्नात पंगतीला उशिरा बोलावलं म्हणून एका घराशी दहा वर्षं बोलले नव्हते. आजारी ठरले तरी लग्न मोडतं, धडधाकट ठरले तरी मोडतं. आणि हे मी सांगून भागणार नाही. त्यांनीच यायला हवं. त्यांनीच!

१७ एप्रिल

आज हसले नाही. घरात सगळे घाबरलेत.

२१ एप्रिल, गुरुवार

काका बाबांचा निरोप घेऊन कोपरला जाऊन आला. सुपारी मोडली म्हणून सांगितलं. मी कोपऱ्यात गाठून विचारलं, मास्तर काय म्हणाले?

"कायच नाय. वहाणा घालायला लागले."

"मग?"

"मंग परत काढल्या."

मला समजलं. काकाला नाही समजलं.

२४ एप्रिल, रविवार

आले! आले! आले!

दुपारी भाकरी घेऊन आगरावर गेले. माणसं मीठ ओढत होती, बाबा बांधावर उभे. ऊन असं की मिठाकडे बघवत नव्हतं. लांबून एक छत्री येताना दिसली. ठाणे स्टेशनापासून चालत. आगराच्या कडेला थांबले, छत्री मिटली, वहाणा काढल्या – जोडीने – आणि तापलेल्या बांधावरून अनवाणी चालत सरळ बाबांपुढे येऊन उभे राहिले. कामावरची माणसं फावडी टेकून बघत राहिली.

मास्तर म्हणाले, "मला फीट येत नाही. कधी आलेली नाही. लग्नाला घाबरलो होतो. वाटलं, तुमची मुलगी मला हसते. तुम्ही माझ्यासाठी खाडी ओलांडून आलात, मला खरं सांगायची लाज वाटली, म्हणून सोंग केलं. घाबरलो त्यापेक्षा ते वाईट. तुम्ही म्हणाल ते कबूल."

माझ्या पोटात तो गोळा – पोटातच होता!

बाबा म्हणाले, "आन् आता?"

"आताही घाबरलोय."

"लग्नाला?"

"नाही. तुम्हाला."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या वेळी ती मी नव्हते, शप्पथ. बाबा हसले नाहीत. "घाबरलास, तं आलास कला?"

"घाबरतच आलो," मास्तर म्हणाले. "पण आलो."

बाबा खाली वाकले. मला वाटलं ढेकूळ उचलतात. त्यांनी मास्तरांच्या पायाला हात लावला. उन्हाने लालभडक झालेला पाय. कामकऱ्यांकडे वळून म्हणाले, "गरम हाय." मग मास्तरांचा दंड धरून त्यांना ओल्या चिखलात उभं केलं, पाय निवायला.

मग बाबा जे बोलले ते ऐकून मी थक्क. "मी पन पलालेलो. लगनाच्या दोन दिस आधी. खडवलीला, मामाचे घरी. गाडीत बसलो ती तिकरंच उतरलो." म्हातारा पोपट फावडं नाचवत ओरडला, "आमचा खडवलीवाला!" आणि सगळं आगर हसायला लागलं. म्हणजे गावाला ठाऊक, जुन्या माणसांना तर सगळ्यांनाच, फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं! बाबा! रागीट, मिशीवाले माझे बाबा लग्नाला घाबरून पळालेले! मी एवढी हसले की भाकरीची टोपली खाली ठेवावी लागली. मास्तर माझ्याकडे बघत होते. कान लाल नव्हते झाले. तेही हसत होते, गुडघाभर चिखलात.

बाबा म्हणाले, "बघा, ही अशी हसनार. चालंल?"

मास्तर म्हणाले, "हजर."

२६ एप्रिल

सगळं ठरल्या दिवशीच! आत्याला समजावून सांगितलं की फीट नव्हतीच. ती म्हणते, नव्हती कशी, माझ्या कांद्याने गेली. ठीक आहे, आत्याचा कांदा. गणूकाका प्रत्येकाला गाठून सांगतो आहे की त्याला अर्थ पहिल्या दिवशीच माहीत होता, फक्त घरात कोणी विचारलं नाही. काल बाजारात कोणाला तरी म्हणाला म्हणे, "आमच्या जावयाला कोल्ड फूट झालेला." एकच पाय! म्हणजे अर्धीच भीती!

रस्त्यात बाबांना जो तो विचारतो, काय खडवलीवाले, जावई बरा का? बाबा मिशीत हसतात, म्हणतात, माझ्यावर गेलाय.

मला झोप येत नाही, भूक लागत नाही, आणि मी अगदी ठणठणीत आहे!

४ मे, बुधवार

उद्या हळद. दुपारी आई माझे केस विंचरत होती. मी म्हटलं, बाबा खडवलीला पळाले तेव्हा तुला राग नाही आला?

फणी थांबली. म्हणाली, "खडवलीला त्यांचा मामा कवा व्हता? मामा माझा. पलाले ती मी. ते मला न्यावाला आलेले. गावात त्यांनीच सांगितला, 'मी पलालेलो.' आजून तसाच सांगतान."

मी वळून बघायला गेले तर तिने माझं डोकं तसंच धरून ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "तुला पलून जावाचा आसंल त आताच सांग, गो. मी येतंय तुझेसंगं."